रुपयात किती आणे? पोटाच्या ऑपरेशननंतरचे पहिले ४८ तास

थिएटरमधून ट्रॉली वॉर्डात येते ती साधारण दुपारी दोन-तीनला. पोट उघडून आतड्याचं ऑपरेशन झालेलं, बेंबीला वळसा घालून गेलेली उभी चीर, कुशीला ड्रेन, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, नाकात नळी, लघवीची पिशवी, हाताला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी. पेशंट बाई अर्धवट गुंगीत असतात. नातेवाईक दारातच विचारतात, "सिस्टर, दुखत नाही ना हो त्यांना?" त्या क्षणी बहुतेक वेळा दुखत नसतं, आणि फसगत तिथूनच सुरू होते. भूल देताना दिलेल्या फेंटानिलचा असर अर्ध्या-एक तासात ओसरतो. चिरेच्या कडेला भरलेलं बधिर करणारं औषध, ब्युपिव्हॅकेन, चार ते सहा-आठ तास टिकतं. हिशेब केला तर दुखणं खरा जोर धरतं संध्याकाळी सात-आठला, म्हणजे नेमकं दुपारपाळी आणि रात्रपाळी एकमेकींना ओव्हर देत असतात, म्हणजे पेशंटची माहिती सोपवत असतात तेव्हा. त्या तासाभरात कुणी विचारायला जात नाही, आणि नऊ वाजता रात्रपाळीची सिस्टर खाटेशी पोचते तोवर बाई घामाघूम होऊन कण्हत असतात. चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. म्हणून सर्जिकल वॉर्डात आम्ही पहिला दंडक पाळतो तो असा: ओव्हर सुरू होण्याआधी, साडेसहा-सातला, त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारून यायचं.

त्याही आधी, ट्रॉलीबरोबर आलेल्या थिएटरच्या सिस्टरकडून किंवा भूलतज्ज्ञांकडून चार गोष्टी खणखणीत विचारून कागदावर घ्यायच्या. शेवटचं अफूवर्गीय औषध कुठलं, किती आणि किती वाजता दिलं. पॅरासिटामॉल थिएटरमध्ये लावलं होतं का आणि कधी. पाठीत एपिड्युरलची, म्हणजे मणक्यापाशी बधिर करणारं औषध सोडणारी नळी आहे का, किंवा पोटाच्या भिंतीत ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन दिलंय का. आणि पेशंटचं वजन, किडनीचे रिपोर्ट, अल्सर, दमा, फिट्स, कशाची रिअ‍ॅक्शन. यातलं पॅरासिटामॉल सगळ्यात जास्त सुटतं. थिएटरमध्ये साडेबाराला एक ग्रॅम गेलेलं असतं, वॉर्डातल्या कागदावर 'दर सहा तासांनी' असं लिहून येतं, आणि तीन वाजता ऑर्डर सुरू करायची म्हणून पुन्हा बाटली लागते. दोन डोसांत किमान चार तास हवेत.

वजनाचं तर आणखी महत्त्व. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची बाटली १०० मिलिलिटरची, तीत १ ग्रॅम औषध. पन्नास किलोच्या वरच्या माणसाला ती पूर्ण चालते, दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. पण आपल्याकडे खेड्यातून आलेल्या, महिनाभर पोटाच्या दुखण्यानं जेवण तुटलेल्या बाईंचं वजन ४० किलो भरतं. त्यांना किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिलिटर. दिवसभरात किलोला ६० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. 'साठवर बंद करू' असं ठरवून बाटली लावली की ती बंद होत नाही, कारण त्याच वेळी समोरच्या खाटेवर उलटी होते. म्हणून आधीच सिरिंजनं ४० मिलिलिटर काढून टाकून मग लावायची. पंधरा मिनिटांत जायला हवी. थेंब थेंब तासभर सोडली तर आराम उशिरा पडतो. आणि काचेची बाटली असली तर शेवटी नळीत हवा उतरते, तेव्हा संपत आली की जवळ उभं राहायचं.

आता विचारण्याकडे येऊ, कारण आमच्या मते सगळं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं. "दुखतंय का?" या प्रश्नाला आपल्या बायकांचं उत्तर ठरलेलं असतं: "थोडं थोडं." शेजारी सासरे किंवा दीर उभे असले तर तेवढंही नाही, नुसती मान हलते. पुरुष म्हणतात, "ऑपरेशन म्हटल्यावर एवढं चालायचंच." आजी म्हणतात, "बाळा, तू दमली असशील, माझं राहू दे." यातल्या एकाही वाक्यावरून कागदावर आकडा लिहिता येत नाही. पडदा ओढायचा, नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचं, स्टूल ओढून खाटेच्या उंचीवर बसायचं आणि प्रश्न फोडून विचारायचा. कुठे दुखतंय, एका बोटानं दाखवा. कसं दुखतंय? सारखं की येऊन-जाऊन? कशानं वाढतं? झोप लागली का? आणि एक प्रश्न कधीच चुकवू नये: "सोसवतंय का?" 'दुखतंय का' ला 'नाही' म्हणणाऱ्या बाई 'सोसवतंय का' ला बरेचदा गप्प होतात. ती गप्प बसण्याची खूण आम्ही गंभीरपणे घेतो.

कसं दुखतंय याला आपल्या भाषेत इतके नेमके शब्द आहेत की ते सोडून नुसतं 'पेन प्रेझेंट' लिहिणं म्हणजे हातातली माहिती फेकून देणं. ठणका म्हणजे जखमेच्या जागी नाडीच्या ठेक्यावर उसळणारं दुखणं; सूज, पू, घट्ट बसलेलं बँडेज यांची शंका तिथे घ्यायची. कळ किंवा पिळा येऊन-जाऊन असतो, लाटेसारखा. आतडी हलायला लागली, किंवा अडली. चमक, सणक म्हणजे विजेसारखी एका रेषेत जाणारी; आग, मुंग्या, बधिरपणा त्याच्या जोडीला आला तर दुखणं नसेचं आहे, आणि त्यावर पॅरासिटामॉल-डायक्लोफेनॅक फारसं चालत नाही, डॉक्टरांना वेगळ्या गोळीसाठी सांगावं लागतं. टाके ओढतात हे हालचालीचं दुखणं. पोटात गोळा येतो, गॅस फिरतो हे वेगळं. विदर्भातून आलेले म्हणतील, "पोट दुखून राह्यलं". त्यांनाही पुढे विचारायचंच, ठणकून राह्यलं की मुरडून राह्यलं. पेशंटचा शब्द जसाच्या तसा अवतरणात लिहावा. सकाळी राउंडला 'उजव्या कुशीत "सणक", ड्रेनच्या जागी' एवढं वाचून सर्जन थेट ड्रेनकडे वळतात.

आकड्यांची पट्टी सगळ्यांना माहीत आहे: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखू शकत नाही. शाळा शिकलेल्यांना ती जमते. न शिकलेल्यांना 'दहापैकी किती' हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि ते सिस्टरला बरं वाटेल असं उत्तर देतात. त्यांच्यासाठी हाताची बोटं, किंवा नुसते चार शब्द: नाही, थोडं, बरंच, असह्य. तेही पुरतं. एकदा जी पट्टी वापरली तीच पुढच्या सगळ्या पाळ्यांनी वापरायची, एवढी अट. सकाळी बोटं, दुपारी चेहरे आणि रात्री शब्द असं झालं तर चढलं की उतरलं ते कळतच नाही.

औषधानंतर मात्र जुन्या माणसांना आम्ही आण्यांतच विचारतो: "आजी, रुपयात किती आणे फरक पडला?" आणि उत्तर झटकन येतं, "आठ आणे कमी झालं," "चार आणे राहिलंय बघ." हिशेब रक्तात भिनलेला आहे त्यांच्या. पण इथे एक चूक आम्ही वारंवार पाहिली आहे, तीही शिकाऊ मुलींकडूनच होते असं नाही. 'बारा आणे फरक' म्हणजे सोळापैकी बारा भाग दुखणं कमी झालं. कुणीतरी ते ऐकून पट्टीवर सात-आठ लिहितं, आणि जिचं दुखणं पाऊण उतरलंय तिला कागदावर 'तीव्र वेदना' लागते. वरच्या डोसची ऑर्डर येते. फरक आणि उरलेलं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी. आणे लिहायचे तर 'फरक १२ आणे' असं अक्षरात लिहायचं आणि शेजारी, आत्ता किती दुखतंय, तो आकडा वेगळा विचारून लिहायचा.

आणखी एक आकडा हवा असतो. स्वस्थ पडल्या-पडल्या दुखणं दोन असतं, आणि कागदावर 'दोन' लिहून सगळे निश्चिंत होतात. खोकून दाखवा म्हटलं की तोच आकडा आठ होतो. पोटाची चीर असलेला माणूस खोकू शकला नाही, खोल श्वास घेऊ शकला नाही तर कफ खाली साठतो, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. कुशीवर वळला नाही तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती. त्यामुळे दर वेळी दोन आकडे, स्वस्थ आणि खोकताना, '२/८' असे. आमचं लक्ष्य दुसऱ्या आकड्यावर असतं. तो चारच्या आत आला, म्हणजे पोटाशी उशी धरून खोकता आलं, खोल श्वासाच्या व्यायामासाठी असतं त्या तीन चेंडूंच्या यंत्रातला निदान एक चेंडू वर जाऊन थांबला, की औषध पुरतंय असं समजायचं. शून्य करायचा हट्ट धरला तर माणूस गुंगीत जातो.

आकडा मिळाला की लगेच औषधाच्या ट्रेकडे धावायचं नाही. आधी चादर बाजूला करून डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. लघवीची नळी पायाखाली दुमडली आहे का? भरलेल्या मूत्राशयाचं ओटीपोटातलं दुखणं हुबेहूब ऑपरेशनच्या दुखण्यासारखं वाटतं, बेचैनी त्याहून जास्त असते, आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल कितीही दिलं तरी ते थांबत नाही. नळी सरळ केली की अर्धा लिटर लघवी येते आणि बाई झोपी जातात. इंट्राकॅथची जागा लाल, कडक झाली आहे का, पोटॅशियमची सलाईन त्याच शिरेतून चालली आहे का? चिकटपट्टीनं कातडी ओढली गेली आहे का? ड्रेनची पिशवी लोंबून टाक्याला ताण देते आहे का? गुडघ्याखाली उशी देऊन पाय थोडे दुमडले आणि डोक्याकडची बाजू ३० अंश उचलली की पोटाच्या भिंतीवरचा ताण सैल होतो, आणि आठावरचा माणूस सहावर आलेला आम्ही नेहमी बघतो. हे सगळं औषधाऐवजी नाही, औषधाबरोबर.

प्लास्टर घातलेला हात-पाय असेल तर नियम वेगळा आणि कडक. औषध देऊनही दुखणं वाढतच जातं, बोटं हलकेच ताणली तरी किंचाळी येते, बोटं घट्ट आणि फिकट वाटतात: प्लास्टरच्या आत दाब वाढतो आहे असं धरून तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवायचं, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, उशांवर उंच चढवायचा नाही. नाडी लागतेय म्हणून थांबायचं नाही. नाडी जाते ती फार उशिरा. अशा पेशंटला 'सहनशक्ती कमी' असं म्हणून रात्रभर इंजेक्शनांवर ठेवलं तर सकाळी पाय गमावायची वेळ येते.

आता ऑर्डरबद्दल. आपल्या वॉर्डांत सर्वांत जास्त लिहिली जाणारी ऑर्डर म्हणजे 'ट्रामाडॉल एस.ओ.एस.', म्हणजे मागितलं तर द्या. आणि आपली माणसं मागत नाहीत. एवढं एक वाक्य डॉक्टरांना वारंवार, नम्रपणे, पण न थकता सांगणं हे आम्ही नर्सिंगचं काम मानतो. पहिल्या ४८ तासांत पॅरासिटामॉल घड्याळावर हवं, दुखो न दुखो, दर सहा तासांनी. त्याच्या जोडीला किडनी, पोट, हृदय ठीक असेल आणि सर्जनची हरकत नसेल तर डायक्लोफेनॅक, ७५ मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त दोनदा. हे देण्याआधी लघवीच्या पिशवीकडे बघायचं: ताशी किलोला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ४० किलोच्या बाईंना ताशी २० मिलिलिटर तरी लघवी हवी. त्याहून कमी असेल तर डोस थांबवून फोन करायचा. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वॉर्डात असतात, त्यांना हे इंजेक्शन चुकूनही नको. कमरेत द्यायचं तर खोल स्नायूत. बारीक माणसाला ते चरबीत राहतं आणि गाठ, कधी काळा डाग पडून जखम होते. शिरेतून द्यायचं तर कंपनीनं शिरेसाठी म्हणून छापलेलंच हवं, नुसत्या रंगावरून उचलू नये.

ट्रामाडॉल ५० ते १०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून वीस-तीस मिनिटांत. सिरिंजनं झटकन ढकललं की उलट्या, आणि ताज्या चिरेवर उलटी म्हणजे काय यातना होतात ते ज्यानं पाहिलंय तो पुन्हा घाई करणार नाही. 'ट्रामाडॉल सोसत नाही' असे शेरे कागदावर दिसतात, त्यांतले बरेच त्या घाईचे असतात. दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम. फिट्स येणाऱ्याला टाळायचं. आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का ते एकांतात विचारायचं, कारण नातेवाइकांसमोर पेशंट ते सांगत नाही. त्यांतल्या काही गोळ्यांबरोबर ट्रामाडॉलनं फिट किंवा ताप-थरथर-गोंधळ असा धोकादायक प्रकार होऊ शकतो.

एवढ्यानंही खोकतानाचा आकडा सातावर राहिला तर मॉर्फिन. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आणि त्याची धास्ती यांमुळे कितीतरी वॉर्डांत हे औषध वर्षानुवर्षं नव्हतंच. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल अशी औषधं 'अत्यावश्यक' ठरवली गेली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. दुहेरी कुलपाचं कपाट, रजिस्टर, रिकामी अ‍ॅम्प्युल परत, उरलेलं औषध दोघींसमोर टाकून दोघींच्या सह्या: एवढी शिस्त पाळायची, पण शिस्तीच्या कटकटीपायी पेशंटला तळमळत ठेवायचं नाही.

मॉर्फिनची अ‍ॅम्प्युल १० मिलिग्रॅमची असते तशी १५ चीही असते, दोन्ही एक-एक मिलिलिटरच्या. चूक इथे होते. अ‍ॅम्प्युलवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं तो पाहायचा. १० ची असेल तर ९ मिलिलिटर सलाईन घालायची, १५ ची असेल तर १४. म्हणजे दोन्ही वेळा एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. सिरिंजवर लेबल. मग डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे एक-दोन मिलिग्रॅम हळू, पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा आकडा, पुन्हा गरज असेल तर एक-दोन. म्हाताऱ्यांना आणि बारीक माणसांना एकेकच. पूर्ण असर दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात हे लक्षात ठेवून शेवटच्या डोसनंतर खाटेपाशीच थांबायचं.

आणि श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट, छातीकडे बघून, घड्याळ हातात धरून. 'पंधरा सेकंद गुणिले चार' इथे चालत नाही. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर विसंबायचं नाही: नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मिनिटाला सातवर आला तरी मशीन ९८ दाखवत राहतं. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून गुंगीची पायरी दर वेळी विचारात घ्यायची. हाक मारली की डोळे उघडतात आणि नीट बोलतात, ठीक. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच डोळा लागतो, तिथे थांबायचं. आकडा नऊ सांगितला तरी पुढचा डोस नाही, डॉक्टरांना बोलवायचं. हलवूनही जाग येत नाही किंवा श्वास आठच्या खाली: आवाज देऊन, खांदा हलवून श्वास घ्यायला लावायचं, ऑक्सिजन, हातानं दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग हाताशी, आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं नालोक्सोन. त्याची अ‍ॅम्प्युल ०.४ मिलिग्रॅमची; १० मिलिलिटर करून एक-दोन मिलिलिटर दर दोन-तीन मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंत. एकदम सगळी दिली तर श्वास येतो पण सगळं दुखणं एका झटक्यात परत येतं, रक्तदाब उसळतो. आणि नालोक्सोन मॉर्फिनच्या आधी उतरतं, म्हणून बाई उठून बसल्या तरी पुढचे काही तास नजर हटवायची नाही. हे सगळं वाचून भीती वाटू नये. मोजून, थांबून दिलेलं मॉर्फिन सुरक्षित असतं. धोका असतो तो देऊन पाठ फिरवण्यात.

पाठीत एपिड्युरलची नळी असेल तर काम हलकं वाटतं, पण नजर जास्त लागते. पंपातून साधारण ०.१२५ टक्के ब्युपिव्हॅकेन थोड्या फेंटानिलसह तासाला चार-आठ मिलिलिटर जात असतं. दर चार तासांनी बर्फाचा तुकडा दोन्ही कुशींवर लावून गार कुठवर लागत नाही ते बघायचं. एकाच बाजूला बधिर असेल तर नळी सरकली आहे, भूलतज्ज्ञ ती थोडी मागे ओढून जागेवर आणतात. पाय उचलून दाखवायला सांगायचं. काल उचलत होते तो पाय आज उचलत नाही, पाठ दुखते, हे मणक्यात रक्त साठल्याचं लक्षण असू शकतं; ती तासांची लढाई आहे, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. टाचा बधिर असल्यानं पेशंटला टोचत नाही, म्हणून टाचा आपणच उचलून बघायच्या. रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम चालू असेल तर नळी काढणं डोसनंतर १२ तासांनी, आणि पुढचा डोस काढल्यावर चार तासांनी. एपिड्युरलच्या नळीवर ठळक लेबल हवंच. रात्री अंधारात सलाईनची नळी समजून तिच्यात काही सोडलं गेलं तर ते परत काढता येत नाही.

ज्यांना सांगता येत नाही त्यांचं दुखणं बघून ओळखावं लागतं. स्मृती गेलेल्या आजोबांना कुशीवर वळवताना चेहरा, श्वास, कण्हणं, अंगाचा ताठरपणा, हात धरल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांनाही तशाच पाच खुणा: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर थांबणं. पाय पोटाशी ओढून घट्ट धरलेलं, न रडणारं मूल आम्हाला रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. चेहऱ्यांची चित्रं तीन-चार वर्षांपुढच्या मुलांना दाखवतात, पण 'कुठला चेहरा आवडतो' असं समजून ती हसराच चेहरा दाखवतात. 'तुझं पोट आत्ता जसं दुखतंय तसं तोंड कुणाचं झालंय?' असं विचारलं की बोट बरोबर जातं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा चेहरा, हालचाल, स्नायू आणि मशीनशी झटापट बघायची. नाडी आणि रक्तदाब एकट्यानं पुरावा होत नाही. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर यातलं काहीच दिसणार नाही, तेव्हा दुखतंय असंच धरायचं.

औषध दिल्यावर पुन्हा विचारायला जाणं, हे सगळ्यात जास्त राहून जातं. शिरेतून दिलं तर पंधरा ते तीस मिनिटांनी, तोंडानं दिलं तर तासानं. आम्ही डोस दिला की चार्टवर पुढच्या विचारण्याची वेळ पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवतो, '८.४० विचारणे'. रकाना रिकामा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. पन्नास खाटांना दोन सिस्टर असतात हे खरं. म्हणून खोकण्याआधी पोटाशी उशी कशी धरायची, दुखणं वाढलं तर केव्हा आणि कुणाला सांगायचं, हे नातेवाइकांना पहिल्याच संध्याकाळी शिकवून ठेवतो. पण आकडा आम्हीच विचारतो, तो नातेवाइकांकडून घेत नाही. रकान्यात सकाळपासून रात्रीपर्यंत '२, २, २, २' असं एकाच शाईत दिसलं तर कुणी विचारलेलंच नाही असं समजावं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येण्याआधी अर्धा तास, ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास औषध पोचलं पाहिजे. घड्याळाचा डोस त्यासाठी थोडा मागेपुढे करून घेता येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनवाले याच दिवशी खांदा दुखतो म्हणून घाबरतात. पोट फुगवायला भरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो आणि दुखणं खांद्यावर उमटतं, एक-दोन दिवसांत जातं. तरी घाम, धाप, डाव्या हातात जडपणा असेल तर आधी ई.सी.जी.

उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं, नाडी ११० च्या पुढे गेली, पोट फळीसारखं कडक लागलं, लघवी कमी झाली, तर ते टाक्यांचं दुखणं नाही. आतड्याचा जोड गळतो आहे की काय, रक्तस्राव होतो आहे की काय, हे सर्जननं आत्ता येऊन बघायचं असतं. फोनवर 'पेशंटला दुखतंय' असं सांगू नये, त्यानं 'ट्रामाडॉल द्या' एवढंच उत्तर येतं. "काल रात्री ३/५ होतं, आज पहाटेपासून ७/९, नाडी ११८, पोट कडक" असं सांगावं.

मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू झालं त्याच दिवशी मलावरोधाच्या औषधाबद्दल सर्जनना विचारून ठेवायचं. आतडं जोडलेलं असेल तर केव्हा द्यायचं ते तेच ठरवतात. कुंथण्यानं टाके ओढतात आणि पेशंट ते दुखणं ऑपरेशनच्याच खाती टाकतो.

घरी पाठवताना गोळ्यांची पट्टी हातात घेऊन, कात्रीनं सकाळ-दुपार-रात्र असे तुकडे करून देतो. पॅरासिटामॉल तीन दिवस घड्याळावर, मग लागेल तशी. आणि सोबतच्या नातेवाइकाला सांगतो की मेडिकलमधून अंगदुखीची, सर्दीची दुसरी कुठलीही गोळी आणायची नाही, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत हेच पॅरासिटामॉल पुन्हा असतं. चिरेवर शेक नाही, बाम नाही. खोकला आला की उशी. "आणि ताई, आता ठणका नाही ना? मग घरी गेल्यावर ठणका सुरू झाला, तर रविवार असला तरी या."